मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर एकच, मग जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा का?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळापर्यंत किती अंतर, असं कुठल्याही संकेतस्थळाला विचारा. उत्तर १२,५०० ते १२,५५० किलोमीटरच्या दरम्यान येईल, आणि ते बरोबर असेल. त्याच्याच शेजारी ‘प्रवासाचा वेळ’ म्हणून दुसरा आकडा असतो. त्यावर मात्र विसंबू नये. बरेचदा तो पहिल्या आकड्याला आठशे-नऊशेने भागून, वर अर्धा तास टाकून काढलेला असतो. मुंबई–नागपूरसारख्या छोट्या उड्डाणाला हा हिशेब कसाबसा चालतो. बारा हजार किलोमीटरला तो सहज दीड-दोन तासांनी चुकतो आणि जाताना-येतानाचा फरक तर त्यात दिसतच नाही.

अंतर भूगोल ठरवतो. वेळ ठरवतात वारा, विमानाचं वजन, कोणत्या देशाचं आकाश उघडं आहे आणि दोन्ही टोकांच्या धावपट्ट्यांवर किती गर्दी आहे. म्हणून दोन्ही आकडे वेगवेगळे काढावे लागतात.

अंतर कसं काढतात

पृथ्वी गोल असल्यामुळे दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता म्हणजे पृथ्वीचं केंद्र हेच ज्याचं केंद्र, अशा वर्तुळाचा तुकडा. त्याला बृहद्वृत्त म्हणतात. केंद्राशी त्या दोन ठिकाणांमध्ये किती अंशांचा कोन होतो ते काढायचं आणि दर अंशाला १११.२ किलोमीटर धरायचे. वैमानिक आणि नाविक मैलांत मोजतात ते याच सोयीसाठी: एक सागरी मैल म्हणजे या कोनाचं एक मिनिट, अर्थात १,८५२ मीटर.

दहावी-बारावीच्या कॅल्क्युलेटरवर हे पाच मिनिटांत होतं. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर अक्षांश, ७२.८७ पूर्व रेखांश. केनेडी विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला, म्हणून रेखांशांची बेरीज करायची: १४६.६५ अंश. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.३२७ × ०.६५१ = ०.२१३. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार आणि त्याला १४६.६५ च्या कोसाइनने गुणा: ०.९४५ × ०.७५९ × (−०.८३५) = −०.५९९. दोन्हींची बेरीज −०.३८६. कोणत्या कोनाचा कोसाइन इतका असतो? ११२.७ अंश. त्याला १११.२ ने गुणलं की १२,५३२ किलोमीटर.

काही ठिकाणी १२,५५० दिसतं तेही चूक नाही. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाशी ६,३५७. हा चपटेपणा हिशेबात धरला की वीसएक किलोमीटरचा फरक पडतो.

या गणितात चुका दोनच होतात. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर असेल तर उत्तर अगदीच भलतं येतं, ते लगेच कळतं. दुसरी चूक जास्त फसवी. पूर्व-पश्चिम न पाहता रेखांशांची वजाबाकी केली, तर फरक एक अंशाहूनही कमी येतो आणि मुंबई–न्यूयॉर्क अंतर निघतं २,४०० किलोमीटर. तेवढ्या अंतरावर मुंबईच्या उत्तरेला खरोखर एक शहर आहे, किर्गिझस्तानातलं ओश. मुंबई आणि न्यूयॉर्कच्या रेखांशांचे आकडे जवळजवळ सारखे असल्याने ही चूक या जोडीला हमखास होते.

नकाशावरची रेघ आणि आकाशातला रस्ता

शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडलं तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते. त्या रेघेवरून एकच दिशा धरून खरंच उडालं तर अंतर भरतं सुमारे १४,२०० किलोमीटर, म्हणजे साडेसोळाशे किलोमीटर जास्त. नकाशा सपाट करताना उत्तरेकडचे प्रदेश ताणले जातात, म्हणून नकाशावर वाकडा दिसणारा रस्ता पृथ्वीवर सरळ असतो. घरी पृथ्वीगोल असेल तर दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरा. तो आपोआप उत्तरेकडे सरकतो.

या दोऱ्याखाली काय येतं ते पाहण्यासारखं आहे. मुंबईहून वायव्येला निघून तो क्वेट्ट्याजवळून बलुचिस्तान, मग हेरातच्या बाजूने पश्चिम अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, पश्चिम कझाकस्तान, रशिया आणि फिनलंडच्या आखातावरून स्कँडिनेव्हियात जातो. सर्वांत उत्तरेचा बिंदू साधारण ६५ अंश अक्षांशावर, आइसलंड आणि फॅरो बेटांच्या मधल्या समुद्रात. तिथून ग्रीनलंडचं दक्षिण टोक, सेंट लॉरेन्सचं आखात आणि ईशान्य अमेरिकेवरून खाली न्यूयॉर्क. सीटसमोरच्या पडद्यावर ‘आपण आइसलंडजवळ काय करतोय’ असा प्रश्न पडला, तर उत्तर हे.

प्रत्यक्षात विमान या दोऱ्यावरून क्वचितच जातं. पहिली अडचण राजकीय. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आणि मग त्या बंदीला महिन्यामहिन्याने मुदतवाढ मिळत गेली. २०१९ मध्येही फेब्रुवारीअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत हेच झालं होतं. दुसरीकडे रशियाने २०२२ पासून अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि युरोपीय संघातल्या कंपन्यांना बंदी घातली आहे, पण भारतीय कंपन्यांना तिथून जाता येतं. म्हणजे एकाच शहराहून एकाच शहराला जाणाऱ्या दोन कंपन्यांची विमानं वेगवेगळ्या देशांवरून जातात, वेगवेगळं अंतर कापतात. तिकीट काढताना दोघींच्या वेळेत अर्धा-एक तास फरक दिसला तर त्याचं एक कारण हे असू शकतं.

पाकिस्तानचं आकाश बंद झाल्याचा फटका सगळ्यांना सारखा बसला, असं बातम्या वाचून वाटतं. तसं नाही. वर केलेलं गणित पुन्हा लावून पाहू. मुंबईहून आधी मस्कतवर जायचं आणि तिथून न्यूयॉर्कचा जवळचा रस्ता धरायचा, असं मानलं तर १,५९० अधिक ११,३२५, म्हणजे सुमारे १२,९०० किलोमीटर. थेट अंतरापेक्षा फक्त ३८० किलोमीटर जास्त, साधारण पंचवीस मिनिटं. दिल्लीहून न्यूयॉर्कचं थेट अंतर मुंबईपेक्षा कमी आहे, सुमारे ११,७५० किलोमीटर. पण मस्कतवरून वळसा घातला की ते सुमारे १३,३०० होतं. दीड हजार किलोमीटरची भर, म्हणजे पावणेदोन तास. दिल्लीचं विमान आधी दक्षिणेला उतरून मग पश्चिमेला वळतं. मुंबई आधीच दक्षिणेला आणि समुद्राच्या काठावर आहे, तिला हा वळसा जवळजवळ वाटेवरच पडतो. बंदीनंतर दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावं लागलं ते याच दीड हजार किलोमीटरमुळे.

(मस्कतचा वळसा हा हिशेबापुरता. रोजचा मार्ग इराण, इराक, तुर्कस्तान यांतलं कोणतं आकाश त्या दिवशी सुरक्षित आणि उघडं आहे त्यावर बदलतो. त्यात प्रत्येक देश आपल्यावरून उडण्याचं भाडं घेतो, तेही मार्ग ठरवताना बघितलं जातं.)

दुसरी अडचण नियमांची. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं, तर उरलेल्या एकावर ठराविक मिनिटांच्या आत उतरण्याजोगा विमानतळ गाठता आला पाहिजे. विमान आणि कंपनीप्रमाणे ही मर्यादा १८० मिनिटं किंवा त्याहून जास्त असते. उत्तर अटलांटिकवर त्यासाठी आयर्लंडमधलं शॅनन, आइसलंडमधलं केफ्लाविक, कॅनडातली गूज बे आणि गॅंडर ही नावं मार्गपत्रात, म्हणजे उड्डाणाच्या आराखड्यात, लिहिलेली असतात. केफ्लाविकला बर्फाचं वादळ असलं तर ते नाव खोडावं लागतं आणि मार्गही सरकतो. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं बोईंग ७७७ इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या पूर्व टोकाला, मगदानला उतरलं होतं. असा आडबाजूचा विमानतळही मार्गपत्रात गंमत म्हणून लिहिलेला नसतो.

वेग: तीन वेगवेगळे आकडे

पडद्यावर दिसणारा ताशी ८३० किंवा ९६० किलोमीटर हा विमानाचा जमिनीच्या तुलनेतला वेग. हवेच्या तुलनेतला वेग वेगळा, आणि तो जवळजवळ स्थिर असतो. मोठी विमानं तो ध्वनीच्या वेगाच्या पटीत मोजतात, ज्याला माख म्हणतात. अकरा किलोमीटर उंचीवर हवेचं तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असतं आणि त्या थंडीत ध्वनीचा वेग ताशी १,०६२ किलोमीटर. बोईंग ७७७ माख ०.८४ ने उडतं, म्हणजे ताशी सुमारे ८९० किलोमीटर. मुंबई–नागपूरला वापरतात ते एअरबस ए३२० माख ०.७८ ने, म्हणजे ताशी ८३० च्या आसपास. उशीर झाला तर पायलटने वेग वाढवावा, अशी प्रवाशांची अपेक्षा असते. पण माख ०.८४ वरून ०.८६ वर गेलं तर पंधरा तासांत जेमतेम वीस मिनिटं वाचतात आणि त्यासाठी जळणारं जादा इंधन परवडण्यासारखं नसतं.

आता वारा. आपल्या बाजूच्या गोलार्धात नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात अटलांटिकवर त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर सहज जातो. ९ फेब्रुवारी २०२० ला वादळी वाऱ्यांच्या पाठबळावर ब्रिटिश एअरवेजचं बोईंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी तिथे साडेसहा तासांच्या आसपास लागतात. त्या विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता. त्याच्या भोवतीची हवाच त्या दिशेने धावत होती.

मुंबई–न्यूयॉर्कचा ढोबळ हिशेब असा. वळसे धरून प्रत्यक्ष मार्ग १३,००० किलोमीटर समजा. जाताना सरासरी ४५ किलोमीटरचा समोरचा वारा धरला, तर जमिनीवरचा वेग ८४५ आणि वेळ १५ तास २३ मिनिटं. येताना जेट स्ट्रीम मुद्दाम शोधून तिच्या पट्ट्यात शिरतात, म्हणून सरासरी ६० किलोमीटरचा पाठचा वारा धरू: वेग ९५०, वेळ १३ तास ४१ मिनिटं. चढण्या-उतरण्यात वेग कमी असतो त्याची पंधरा मिनिटं आणि जमिनीवर सरकण्याची पस्तीस मिनिटं दोन्हीकडे घाला. जाताना १६ तास १३ मिनिटं, येताना साडेचौदा तास. शीर्षकातला फरक इथून आला.

जातानाचं नुकसान येताना भरून निघतं, ही समजूत मात्र चुकीची. १२,००० किलोमीटर, वेग ९००, वारा १०० घ्या. जाताना ८०० ने १५ तास, येताना १,००० ने १२ तास, एकूण २७. वारा नसता तर दोन्ही मिळून २६ तास ४० मिनिटं लागली असती. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं, म्हणून त्याचा मार जास्त वेळ बसतो.

त्यामुळे कमी अंतराचा रस्ता नेहमी कमी वेळाचा असेलच असं नाही. याचा चोख पुरावा एअर इंडियाने २०१६ मध्ये दिला. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को उड्डाण अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटरचं होतं. ते उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून नेलं तर १५,३०० किलोमीटर भरलं, तरी साडेचौदा तासांत, आधीपेक्षा लवकर पोचलं, कारण सगळी वाट पाठच्या वाऱ्याची. चौदाशे किलोमीटर जास्त आणि वेळ कमी.

अटलांटिकवर आणखी एक गुंता आहे. तिथे दररोज वाऱ्याचा अंदाज पाहून कॅनडाचं गॅंडर आणि या बाजूचं, ब्रिटन-आयर्लंडचं शॅनविक ही नियंत्रण केंद्रं समांतर मार्गांचा संच जाहीर करतात. दिवसा तो पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी, रात्री पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी, कारण अमेरिकेहून युरोपला जाणारी बहुतेक विमानं रात्री निघतात. मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटणारं विमान अटलांटिकच्या मध्यावर पोचतं तेव्हा ग्रिनिच वेळेप्रमाणे पहाटेचे पाच-सहा वाजलेले असतात, म्हणजे समोरून येणाऱ्यांची ऐन गर्दी. एकेरी रस्त्यावर उलटं शिरल्यासारखं होऊ नये म्हणून त्याला त्या पट्ट्याच्या उत्तरेने किंवा बाजूने काढतात. आठवड्याच्या वेगवेगळ्या दिवशी तेच विमान नकाशावर वेगळ्या रेघेवर दिसतं ते यामुळेही.

वजन आणि इंधन

बोईंग ७७७-३००ईआर उडताना जास्तीत जास्त ३५१ टनांचं असू शकतं. रिकामं विमान, कर्मचारी आणि खाणंपिणं धरून १६८ टनांच्या आसपास. सोळा तासांना साधारण सव्वाशे टन इंधन. उरतात ५८ टन, त्यात माणसं, सामान आणि माल. साडेतीनशे प्रवासी सामानासह धरले तर पस्तीस टन गेले. ऐकायला हे ऐसपैस वाटतं, पण मे महिन्याच्या दुपारी मुंबईची तापलेली हवा पातळ होते, इंजिनांचा जोर आणि पंखांची उचल दोन्ही घटतात आणि परवानगीचं वजन खाली येतं. तेव्हा आधी माल खाली राहतो, मग रिकाम्या सीट विकायच्या थांबतात. अमेरिकेची उड्डाणं रात्री सुटण्यामागे थंड हवा हे एक कारण आहे. पलीकडे सकाळी पोचून पुढचं विमान पकडता येणं हे दुसरं.

वळसा पाऊण तासाने वाढला म्हणजे नुसतं पाऊण तासाचं इंधन वाढत नाही. वाहून न्यायच्या दर टन जादा वजनासाठी तासाला तीन-चार टक्के इंधन त्याला उचलण्यातच जळतं. म्हणजे शेवटच्या टप्प्यासाठी पाच टन हवे असतील तर मुंबईतून आठएक टन जास्त भरायचे. लांबच्या उड्डाणात सगळ्यांत महाग असतो तो शेवटचा तास.

इंधन नेमकं किती भरायचं याचे थर ठरलेले आहेत. प्रवासाला लागेल तेवढं. त्यावर वाऱ्याचा अंदाज चुकला तर, म्हणून काही टक्के, बहुधा पाच. न्यूयॉर्कला उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळापर्यंतचं. आणि तिथे पोचल्यावर १,५०० फुटांवर अर्धा तास घिरट्या घालता येतील इतकं. शेवटचा अर्धा तास हात न लावण्याचा. तो वापरावा लागेल अशी वेळ आली तर पायलटने आणीबाणी जाहीर करायची असते.

वजनाचा परिणाम उंचीवरही होतो. भरलेलं विमान सुरुवातीला ३०-३२ हजार फुटांच्या वर जाऊ शकत नाही. इंधन जळून हलकं झालं की दोन-दोन हजार फुटांनी टप्प्याटप्प्याने चढतं आणि शेवटी ३८ हजारांच्या आसपास असतं. बहुतेक आकाशात पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम हजार फूट आणि पूर्वेकडे येणाऱ्यांना विषम हजार फूट असा नियम आहे. पडद्यावर तपासून पाहा: जाताना ३२, ३४, ३६, येताना ३३, ३५, ३७.

तिकिटावरचा वेळ

तिकिटावर लिहिलेला वेळ हवेतला नसतो. विमान गेटपासून मागे ढकललं जाण्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा असतो. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी मुख्य भार एकीवरच. केनेडीवर चार धावपट्ट्या असूनही संध्याकाळी रांग लांब असते. मुंबई–नागपूर हे ६८० किलोमीटर हवेत पन्नास-साठ मिनिटांत संपतात, तरी तिकिटावर दीड तास असतो तो याच जमिनीवरच्या वेळेमुळे. शिवाय कंपन्या थोडी पदरची मिनिटं घालून ठेवतात. ठरल्यापेक्षा पंधरा मिनिटांच्या आत पोचलेलं विमान ‘वेळेवर’ धरायचा प्रघात आहे आणि हे प्रमाण चांगलं दिसावं असं सगळ्यांनाच वाटतं. ‘वीस मिनिटं आधी पोचलो’ ही घोषणा ऐकून फार हुरळून जाऊ नये.

आता घड्याळ. भारताची वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, वर्षभर. न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे, उन्हाळ्यात चार. म्हणून फरक हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे करतात.

तिकिटावरून वेळ काढायची रीत सोपी आहे. दोन्ही वेळा भारतीय वेळेत आणा आणि वजाबाकी करा. समजा जुलैत मुंबई रात्री १.३०, न्यूयॉर्क त्याच तारखेला सकाळी ७.४५. तिथले ७.४५ म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे ५.१५. वजा १.३०: पावणेसोळा तास. परतीला न्यूयॉर्क सकाळी ११.००, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ८.३०, मुंबई दुसऱ्या दिवशी सकाळी ११.००, उत्तर साडेचौदा तास. वेळापत्रकात वेळ बदलल्याचं दिसलं आणि ते घड्याळबदलामुळे असेल, तर प्रवास लांबला असं समजू नका. आधी हा हिशेब करा.

लंडनमार्गे जाणाऱ्यांनी मार्चमध्ये सावध राहावं. ब्रिटनचं घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतं, अमेरिकेचं दोन-तीन आठवडे आधी. मधल्या काळात लंडन–न्यूयॉर्क फरक पाचऐवजी चार तासांचा असतो.

आणि रात्री १.३० च्या विमानाची नेहमीची फसगत: तिकिटावर १५ तारीख असेल तर घरातून निघायचं १४ च्या रात्री. पंधराच्या रात्री पोचलेल्यांचं विमान तेव्हा अमेरिकेत उतरून बरेच तास झालेले असतात.

मध्ये उतरून जायचं तर

लंडनमार्गे अंतर वाढतं फक्त २२० किलोमीटरने: मुंबई–लंडन सुमारे ७,२१०, लंडन–न्यूयॉर्क ५,५४०. दुबईमार्गे सुमारे ४०० किलोमीटरने. दोन्ही शहरं जवळजवळ वाटेवरच आहेत. तरी एकूण प्रवास किमान चार-पाच तासांनी वाढतो, कारण दुसऱ्यांदा उतरणं, चढणं, दोनदा गेट, आणि मधला थांबा. थांबा किमान किती हवा हे प्रत्येक विमानतळ आणि कंपन्या ठरवतात, पण तो आकडा सगळं सुरळीत चाललं तरच पुरतो. दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर असतील तर पहिल्याला उशीर होऊन दुसरं चुकल्यावर पुढची सोय कंपनीची जबाबदारी. वेगवेगळी काढली असतील तर तुमची. स्वस्तात पडलं म्हणून दोन तिकिटं जोडणार असाल तर मध्ये चार तासांपेक्षा कमी ठेवू नका, आणि लंडनला टर्मिनल किंवा विमानतळ बदलावं लागतंय का, व्हिसा लागतो का, हे पैसे भरण्याआधी पाहा.

‘डायरेक्ट’ आणि ‘नॉनस्टॉप’ हेही एकच नाहीत. डायरेक्ट म्हणजे उड्डाणाचा क्रमांक एकच. मध्ये एखाद्या ठिकाणी उतरून इंधन किंवा प्रवासी घेतले तरी ते डायरेक्टच राहतं.

विमानतळ नेमका कोणता, हेही तिकिटावर वाचावं. न्यूयॉर्कसाठी केनेडी आणि नेवार्क हे दोन आंतरराष्ट्रीय विमानतळ. नेवार्क न्यू जर्सीत आहे आणि एडिसनच्या बाजूला राहणाऱ्या आपल्या लोकांना तोच सोयीचा. अंतरात फरक किरकोळ, पण उतरल्यावर घरी पोचायला केनेडीहून दोन तास जास्त लागू शकतात. आपल्याकडेही गोव्याला दाबोळी आणि मोपा, आणि आता मुंबईला नवी मुंबईची भर, अशी दोन-दोन नावं झाली आहेत.

प्रत्यक्षात किती वेळ लागेल याचा सर्वांत खात्रीचा अंदाज हवा असेल, तर विमानांचा माग दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर तुमच्या उड्डाणाचा क्रमांक टाका आणि गेल्या दहा-बारा दिवसांत ते किती वाजता उडालं, किती वाजता टेकलं ते पाहा. त्यात तळाचे आणि वरचे एक-दोन आकडे सोडा, मधल्यांची सरासरी काढा, आणि दोन्ही टोकांच्या जमिनीवरच्या वेळेची चाळीस मिनिटं घाला. न्यायला येणाऱ्यांना हाच आकडा सांगा. त्यात इमिग्रेशनची रांग आणि बॅगा यांचा दीड तास वेगळा.